वाव्हळे मास्तरांचा सरवा

"मास्तर, कोनी मेलं का?"

भुजंगनं समोरच्या आरशातून विचारलं. वालूरच्या स्टँडवर गाडी भरून सहा मिनिटं झाली होती, दार लागलं होतं, शेवटची म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि डबल बेल काही वाजत नव्हती. सिद्धोधन वाव्हळे, कंडक्टर, जिंतूर आगार, गाडीच्या मधोमध उभा राहून मोबाइल वाचत होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं ड्युटीवर मोबाइल वाचल्याची ही पहिलीच वेळ. भुजंग नऊ वर्षं त्याच्याबरोबर ड्रायव्हर होता, म्हणून त्यानं थेट मयताचीच चौकशी केली.

"न्हाई मेलं कोनी," सिद्धोधन म्हणाला. "पॉइंट वाढलेत."

"वाढले तर चांगलंच की."

"माझे न्हाई वाढले. लागायचे वाढलेत."

त्यानं दोरी दोनदा ओढली. गाडी सेलूकडे निघाली.

मेसेज बँकेचा होता आणि बँकेचे मेसेज असतात तसा आनंदात होता. 'कळवण्यास आनंद होतो की' अशी सुरुवात करून त्यात कळवलं होतं की, एक जानेवारीपासून विमानाच्या एका बाजूच्या तिकिटाला सहा हजारांऐवजी नऊ हजार पॉइंट लागतील. तारीख होती बारा डिसेंबर.

सिद्धोधनला चार तिकिटं हवी होती. हैदराबादहून पाटण्याला दोन, पाटण्याहून हैदराबादला दोन. एक त्याचं, एक आईचं. पाटण्याहून पुढं बुद्धगयेला मोटारीनं जायचं. सहा चोक चोवीस हजार. क्रेडिट कार्डावर त्याचे, महिनाअखेरपर्यंतचा घरखर्च धरून, बावीस हजार सहाशे होत होते. चौदाशे कमी. तेवढे जमायला सहा वर्षं लागली होती आणि अजून पाच महिन्यांत काम झालं असतं. नव्या भावानं पावणेचार वर्षं लागणार होती. आई लक्ष्मीबाई एकोणऐंशीची होती.

कार्ड त्यानं हौसेनं घेतलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एक पोरगा टाय लावून आगारात कार्डं खपवायला आला होता. सकाळपासून चार वाजेपर्यंत तो लिंबाखाली बसून होता. बारा जणांनी त्याला चहा पाजला आणि एकानंही सही केली नाही. सिद्धोधननं चहा पाजला नाही, सही केली. चहा तेराव्यांदा पिणं त्या पोराच्या तब्येतीला बरं नाही, एवढाच त्यामागं विचार होता.

कार्ड आल्यावर मात्र ते कसं वापरायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. कंडक्टरच्या पिशवीत दिवसभर पैसा असतो आणि त्यातला एक रुपयाही त्याचा नसतो. संध्याकाळी आगारात भरायचा असतो. सिद्धोधनला कार्डाचा पैसा हा पिशवीतला पैसा वाटला. किराणा, पेट्रोल, आईची औषधं, लाइट बिल असं जे कार्डावर जाई, तेवढ्या नोटा तो त्याच संध्याकाळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. बिल आलं की डबा रिकामा करून बँकेत भरी. सहा वर्षांत बँकेला त्याच्याकडून एक रुपया व्याज मिळालं नव्हतं. बँकेला याचं दुःख झालं असावं, कारण दर महिन्याला एक मुलगी फोन करून विचारी, "सर, तुमच्या बिलाचे सोपे हप्ते करून देऊ का?"

"ताई," तो म्हणे, "मी आजच भरायलोय."

"पण सर, नाही भरलं तरी चालेल."

"असं माझ्या साहेबानं मला कधी सांगितलं न्हाई," असं म्हणून तो फोन ठेवी.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात पॉइंट असत. शंभर रुपयांना दोन. पहिल्या महिन्यात त्यानं ते आईला दाखवले, ते निव्वळ गंमत म्हणून.

लक्ष्मीबाईचं आणि बुद्धगयेचं जुनं प्रकरण होतं. छप्पन साली तिचा बाप चार माणसांबरोबर नागपूरला दीक्षेला गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला नेलं नाही. शेळ्या कुणाकडे ठेवायच्या, हा प्रश्न होता. "धम्म बापानं आणला, शेळ्या म्या राखल्या," असं ती अजून सांगे. नंतर लग्न झालं, नंतर रोजंदारी, नंतर नवरा गेला, नंतर सिद्धोधनची नोकरी लागली. जिंतूरहून दर हिवाळ्यात बस करून लोक बुद्धगयेला जात. पण आठ-आठ दिवस बसून जाणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. सिद्धोधननं एकदा विमानाचं नाव काढलं होतं. तिनं किंमत विचारली आणि विषय मिटवला.

"धम्मदीपच्या शिक्षनाचा पैसा हाय त्यो. नातवाची फी मोडून मी झाड बघायला जाऊ?"

म्हणून त्या दिवशी तिनं बिल बघितलं तेव्हा आधी संशयानंच बघितलं. "हे बेचाळीस कशाचे?"

"आपन किराना भरला, त्यातून पडलेत."

"आपल्या खिशातून गेले का?"

"न्हाई. किराना तसाबी भरनारच होतो. वरून पडलेत."

"म्हंजी सरवा," लक्ष्मीबाई म्हणाली.

तिचा जन्म सरवा वेचण्यात गेला होता. मालकाचं पीक काढून नेलं की रानात चार कणसं, मूठभर शेंगा पडून राहतात. त्या वेचायला गोरगरिबांना मुभा असते. मालक हरकत घेत नाही आणि वेचणाऱ्याला मिंधेपणा नसतो, कारण कंबर त्याची मोडलेली असते. नियम एकच. पडलेलं उचलायचं. पिकाच्या उभ्या ताटाला धक्का देऊन पाडलं, तर ती चोरी.

सरवा म्हटल्यावर ती राजी झाली. पुढची सहा वर्षं दर महिन्याला, लोक साखर किती विचारतात तशी ती "सरवा किती?" विचारी. मध्ये एकदा कार्डावर योजना आली होती. पाच हजारांची भांडी घ्या, पाचशे पॉइंट जास्त मिळवा. सिद्धोधनची बायको सुकेशनी हिनं कुकर बघून ठेवला.

"जुना कुकर फुटलाय का?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"न्हाई आत्याबाई. पन फुटंल की कधीतरी."

"मग तवा घे. आता घेतला तर धक्का हाय त्यो."

कुकर दोन वर्षांनी, कुठलीही योजना नसताना, वरण चालू असताना फुटला. नवा घेतला. सव्वीस पॉइंट मिळाले. वरणाचे डाग छतावर अजून आहेत.

अशा चालीनं बावीस हजार सहाशे झाले होते. सिद्धोधननं एकदा हिशेब केला होता की सत्तावीस वर्षांत तो पृथ्वीला सदतीस फेऱ्या होतील इतका फिरला आहे. फक्त त्या सगळ्या जिंतूर ते सेलू होत्या. त्यामुळं हळू जाण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. साध्या गाडीचा माणूस तो. प्रत्येक फाट्यावर थांबून सुद्धा सेलू येतंच, यावर त्याचा विश्वास होता. आज पहिल्यांदा सेलूच पुढं सरकलं होतं.

"मामा, किती कमी पडायलेत?"

खिडकीशेजारून हरिओमनं विचारलं. हरिओमचं जिंतूर स्टँडसमोर मोबाइलचं दुकान होतं आणि नऊ क्रेडिट कार्डं होती. या कार्डाचं बिल त्या कार्डानं भरायचं, असा त्याचा धंदा चालला होता. मोबाइल जोडीला विकत असे. कार्ड दाखवलं की विमानतळावर मिळणारी फुकट इडली खाण्यासाठी त्यानं एकदा सात हजारांचं तिकीट काढलं होतं. आता वसुलीवाला दर शुक्रवारी दुकानावर येई, म्हणून हरिओम दर शुक्रवारी सेलूपर्यंत जाऊन परत येई. गेल्या महिन्यात वसुलीवाल्याची मोटारसायकल बंद पडली आणि तोही याच गाडीत चढला. दोघं शेजारी बसले. एकमेकांना फक्त फोनवर ओळखत असल्यामुळं गप्पा छान झाल्या. वसुलीवाल्यानं हरिओमला अर्धी कचोरी दिली.

"चौदाशे," सिद्धोधन म्हणाला.

"म्हंजी सत्तर हजारांची खरेदी. हात्तिच्या. उद्या दुकानात या. माझ्या मशीनवर सत्तर हजार घासायचे, तीन मोबाइल घेतले म्हनून पावती फाडतो. पैसे लगेच परत देतो, दोन टक्के माझे."

"आनि मोबाइल?"

"मोबाइल कशाला लागतेत तुमाला?"

सिद्धोधन पुढच्या सीटकडे गेला. दोन अर्धी तिकिटं बायकांची फाडली, पंच्याहत्तरीच्या वरच्या एका आजोबांना शून्य रुपयाचं तिकीट दिलं. परत आला तेव्हा हरिओम खिडकीबाहेर बघत बोलला, "इमानानं चाललाव, चांगलं हाय. पन आजी थांबल का मामा तुमच्या इमानासाठी?"

हे त्यानं टोचायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर सिद्धोधन खरंच त्याच्या दुकानात गेला. हरिओमनं खुर्ची पुसून दिली. पावती तयार केली. मोबाइल, नग तीन. मशीन पुढं सरकवलं. सिद्धोधननं कार्ड काढून पावतीवर ठेवलं आणि पावती वाचली. मग त्यानं वर बघितलं. शोकेसमध्ये बघितलं. काउंटरखाली वाकून बघितलं.

"काय बघायलाव?"

"नग तीन."

"आवो, नसतेत ते. नुसती पावती हाय."

एसटीत पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला घरी बसवतात. तिकीट फाडलं आणि माणूसच गाडीत नाही, तर काय करतात हे त्यानं कुठल्या परिपत्रकात वाचलं नव्हतं. पण शाबासकी देत नसणार. त्यानं कार्ड उचलून खिशात ठेवलं.

"न्हाई जमायचं, हरिओम."

"आजी काय म्हनंल ह्या भ्यानं?"

"न्हाई. तपासनीस चढला तर काय सांगू, ह्या भ्यानं."

"कोन तपासनीस? बँकेचा?"

"कोनी बी," सिद्धोधन म्हणाला आणि पाच वाजताच्या गाडीनं वालूरला घरी आला.

तोपर्यंत भुजंगनं बातमी पोहोचवली होती. भुजंग स्वभावानं वाईट नव्हता. त्याला फक्त थांब्यावर गाडी उभी करायची सवय होती आणि उभी गाडी गप्प बसत नाही. लक्ष्मीमावशीला विमानात बसवायला सत्तर हजारांची खरेदी लागते, जो काही विकत घेणार असेल त्यानं वाव्हळे मास्तरांच्या कार्डावर घ्यावं आणि रोख पैसे मास्तरांना द्यावेत, एवढं त्यानं देवगाव फाट्यापर्यंत कळवून टाकलं होतं. फाट्यावर त्यांची गाडी जात नव्हती. कसं कळवलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

रविवारी सकाळी वाव्हळ्यांच्या अंगणात माणसं जमली. लक्ष्मीबाई उन्हात बाजेवर बसली होती. सिद्धोधननं आधीच सांगितलं, "मी दुसऱ्याचं कार्डावर घेत न्हाई. मेव्हन्यानं फ्रिजचे पैसे बुडवले तवापासून तोबा केलीय."

"तू थांब," लक्ष्मीबाई म्हणाली. "लोक घरी आलेत. ऐकून तर घे."

मग ती ऐकायला बसली. एक जण दुसरी मोटारसायकल घ्यायला तयार होता, पहिली एकटी पडते म्हणून. दगडाबाईनं सांगितलं की नातीच्या लग्नाची भांडी मे महिन्याऐवजी आत्ताच घेऊ.

"सोयरिक झाली का?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"न्हाई अजून. भांडी घेतली की बघू की पोरगा."

लक्ष्मीबाईनं दोघांना चहा पाजून वाटेला लावलं. मग सटवाजी पुढं आला. त्याची विहिरीवरची मोटार जळाली होती.

"कवा जळाली?"

"सोमवारी."

"सिद्धू, तुझा मेसेज कवा आला?"

"शुक्रवारी."

"मग आदी जळाली. नवी घेनारच व्हतास का रं सटवाजी?"

"मावशी, गव्हाला पानी कशानं देऊ मग, तांब्यानं?"

"पैसे?"

सटवाजीनं एकतीस हजार बाजेवर ठेवले. दुकानदाराची चिठ्ठीही ठेवली.

"घे सिद्धू. पैसे आदी डब्यात टाक, मग कार्ड काढ. हे पडलेलं हाय."

एकतीस हजारांचे सहाशे वीस. राहिले सातशे ऐंशी. अंगणातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. भुजंग मोठ्यानं मोजत होता.

तेवढ्यात दिनकरराव गुरुजी उठले. निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या वालूरला त्यांनी पाढे शिकवले होते. चार वर्षांपासून त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. परभणीच्या डॉक्टरांनी कवळीऐवजी पक्के बसवायचे काही दात सुचवले होते. खर्च ऐकून गुरुजी भाताकडे वळले होते. त्यांनी खिशातून कागद काढला. एकोणचाळीस हजार. सोबत रोख.

"सातशे ऐंशी," गुरुजी म्हणाले. "एकूण चौदाशे. मी काल पडताळा घेतला."

कुणी टाळी वाजवली नाही, पण वाजवायच्या बेतात सगळे होते. सुकेशनी पदर सावरून उभी राहिली. सिद्धोधननं आईकडे बघितलं.

"गुर्जी," लक्ष्मीबाई म्हणाली, "चार सालं बिनदाताचे जेवलाव ना?"

"जेवलो."

"मग आताच कामून?"

"तुम्ही विमानात बसावं म्हणून."

"म्हंजी दात तुमच्या तोंडात, आन् बसनार माझ्यासाठी."

"तसं म्हणा."

"न्हाई गुर्जी. धक्का हाय हा."

सुकेशनी म्हणाली, "आत्याबाई, गुरुजींचं मन तरी..."

"मन लय मोठं हाय त्यांचं. म्हनूनच न्हाई." लक्ष्मीबाईनं पाय बाजेवर घेतले. "तुमाला सांगते. बारा वर्साची असताना म्या एकदा ताट हलवलं व्हतं. सरवा कमी पडला म्हनून. कोनी बघितलं न्हाई. दोन शेर जवारी झाली. तिची भाकर खाल्ली आमी सगळ्यांनी."

"मग?" भुजंगनं विचारलं.

"लय गोड लागली. म्हनून भ्या वाटतं."

सिद्धोधन सहसा आवाज चढवत नसे; आवाज त्याचा रोज आठ तास गाडीत वापरून झालेला असे. पण आता तो चढला. "माय, एकोनऐंशीची हायस तू. पावनेचार वर्षं लागतेत म्हनतो मी. पावनेचार. थांबनार हायस का तू?"

लोकांनी जमिनीकडे बघितलं.

"मला काय ठाव?" लक्ष्मीबाई म्हणाली. "मी काय बँक हाय, आदी कळवायला?"

"मग कमी पडतं ते मी पगारातून घालतो. एकच तिकीट हाय."

"पोत्यातलं काढून सरव्यात घालायचं न्हाई. मग सरवा कशाला म्हनायचं त्याला? त्ये राहू दे. जमलेल्यात किती तिकिटं येतेत, त्ये सांग."

"तीन. वर पाच हजार उरतेत, त्याचं काही येत न्हाई."

"मग तीन घे."

"तीन कशी घेऊ? आपन दोघं. जायची दोन, यायची दोन."

"जाताना दोघं बसू. येताना मी विमानानं, तू रेल्वेनं ये. गुडघे माझे गेलेत, तुझे न्हाईत."

"एकली येशील?"

"एकलीच. मला कुठं आजवर कोनी एकलीला जाऊ दिलंय."

गुरुजींनी नोटा परत खिशात ठेवल्या. पण ते दुखावले होते. त्याच आठवड्यात ते तडक परभणीला गेले आणि रोख पैसे मोजून दात बसवून आले. "तुमच्यासाठी नाही," त्यांनी लक्ष्मीबाईला दारातून सांगितलं. "मला हुरडा खायचाय." त्यामुळं गावात नवाच पेच उभा राहिला. गुरुजी दात करणारच होते, असं आता सिद्ध झालं. तर मग ते पडलेले धरायचे की पाडलेले? पारावर पंधरा दिवस वाद चालला. गुरुजी स्वतः हुरडा खात असल्यामुळं मत द्यायला मोकळे नव्हते.

तीन तिकिटं सिद्धोधननं सव्वीस डिसेंबरलाच काढली. शेवटच्या दिवशी गर्दी असते, हा अनुभव होता.

फेब्रुवारीत ते गेले. विमानात लक्ष्मीबाई खिडकीशी बसली. दार लागल्यावर सिद्धोधन उठला, शेवटपर्यंत जाऊन डोकी मोजून आला आणि हवाई सुंदरीला म्हणाला, "मॅडम, एक कम है." तिनं हसून बसायला सांगितलं. तेवढ्यात मागच्या संडासातून एक गृहस्थ बाहेर आले. सिद्धोधन बसला. त्यानंतर विमान निघालं, ते बरोबर झालं.

"कसं वाटायलंय माय?"

"थांबत न्हाई कुठं हे," लक्ष्मीबाई म्हणाली. वर आल्यावर तिनं बराच वेळ ढग बघितले आणि विचारलं की खाली सध्या कुणाचं रान असेल.

बुद्धगयेला ती झाडासमोर दोन तास बसली. आजूबाजूला कुठकुठल्या देशांची माणसं होती. एका जपानी म्हाताऱ्यानं तिला बसायला आपली चटई दिली, तिनं त्याला शेंगाचटणी दिली. त्यानं ती नुसतीच खाल्ली आणि डोळे पुसले. लक्ष्मीबाईला वाटलं, भक्तिभाव आहे. सिद्धोधन मागं उभा होता. उठताना तिनं त्याचा हात धरला.

"बापानं कधी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"तिकडं काय झालं त्ये. नागपूरला. मी बी इचारलं न्हाई, शेळ्यांवरून राग व्हता." आणि जरा वेळानं, "इचारायला पायजे व्हतं."

चौथ्या दिवशी पाटण्याच्या विमानतळावर ते सकाळी साडेअकराला पोहोचले. हैदराबादला धम्मदीप नांदेडहून घ्यायला येणार होता. चाकाच्या खुर्चीचं आधीच सांगून ठेवलं होतं. एक पोरगा ती घेऊन दारापाशी उभाच होता. लक्ष्मीबाई बसली, पाय पट्टीवर ठेवले, पिशवी मांडीवर घेतली.

दारातल्या गार्डानं हात पुढं केला. "टिकट?"

सिद्धोधननं आईचं तिकीट आणि आधार कार्ड दिलं.

"आपका?"

"मेरा नहीं है."

"फिर आप यहीं रुकिए."

"सही है," सिद्धोधन म्हणाला.

"सिद्धू," लक्ष्मीबाई म्हणाली, "चटनी संध्याकाळपतुर संपीव. आन् रेल्वेत कोनाला तिकीट मागू नको."

"न्हाई मागत."

"पोचलास की फोन कर."

"आदी तूच पोचशील माय. तू कर."

हे तिच्या आत्ता लक्षात आलं असावं. ती जराशी हसली.

गार्डानं तिकिटावर बोट ठेवून नाव वाचलं. मग कार्डावरचा फोटो बघितला, म्हातारीचं तोंड बघितलं, पुन्हा नाव वाचलं. मागं सूटबूटवाले तीन-चार जण खोळंबले होते, त्यातल्या एकानं घड्याळ दाखवलं. गार्डानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. सिद्धोधनला तो माणूस फार आवडला. मग गार्डानं तिकीट तिच्या हातात परत दिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

खुर्ची आत गेली. काचेतून दिसत होतं, ती पोराला मराठीत काहीतरी सांगत होती आणि तो हिंदीत हो हो म्हणत होता. तिनं मागं वळून बघितलं नाही. पाठ ताठ होती. लांबच लांब रांगेच्या शेजारून ती पुढं गेली, डावीकडे वळली.

"भाईसाब, साइड में," गार्ड म्हणाला.

सिद्धोधनची रेल्वे रात्री पावणेनऊला होती. तो बाजूला सरकला आणि तिथंच उभा राहिला.